एकच रायफल, दाट रान आणि उघडी धार: काडतूस कोणतं घ्यावं?

कडेकपारी

मंडळी, शिकारीची परीक्षा झाली, परवाना हातात आला. चांदमारी सध्या क्लबच्या .३०८ वर (आकडा म्हणजे इंचातला गोळीचा व्यास) चालू आहे. आता स्वतःची रायफल घ्यायची आहे आणि काडतुसापाशी गाडी अडली आहे.

गरज अशी आहे. सावज म्हणजे मध्यम आकाराची हरणं आणि रानडुक्कर. एल्क, मूस वगैरे थोराड हरणं डोक्यात नाहीत. जागा दोन. एक दाट मिश्र जंगल, जिथे तीस-चाळीस मीटरपलीकडे झाडांशिवाय काही दिसत नाही, आणि मध्येच एखादी मोकळी पट्टी लागली तर फार तर शंभर मीटर. दुसरी जागा उघड्या धारेची. या उतारावर आपण, समोरच्या उतारावर जनावर, मध्ये दरी. तिथे अंतर दोनशे ते तीनशे मीटर. दोन रायफली ठेवायच्या नाहीत, एकीलाच नीट ओळखायचं आहे.

विचारायला गेलं की जो तो वेगळं सांगतो. एक म्हणतो, रानासाठी जाड आणि संथ गोळी घे, फांद्या मोडून आरपार जाते. दुसरा म्हणतो, दरीपलीकडे मारायचं असेल तर मॅग्नमशिवाय, म्हणजे जास्त दारूच्या जोरकस काडतुसाशिवाय, जाऊ नकोस. तिसरा ६.५ क्रीडमूर या ६.५ मिलिमीटरच्या काडतुसाखेरीज दुसरं नाव काढत नाही. माझं वजन पंचावन्न किलो. .३०८ चा धक्का झेपतो, पण बराच वेळ मारलं की खांदा दुखायला लागतो आणि नेम विस्कटतो, हे कागदावर दिसतं.

काडतुसाच्या नावापासून सुरुवात करू नये एवढं कळलंय. मग कशापासून करावी?

पाचोळा

मी दाट रानातलाच माणूस, तेव्हा त्या अर्ध्याबद्दल बोलतो. .३०-३० विंचेस्टर १८९५ पासून चालत आलंय आणि आजही लिव्हर ॲक्शनमध्ये (चापाजवळचा दांडा हलवून भरायच्या रायफलीत) घेऊन लोक त्यावर हरणं मारतात. ११ ग्रॅमची, म्हणजे १७० ग्रेनची गोळी, मझलपाशी (नळीच्या तोंडाशी) ६७० मीटर प्रति सेकंद. रायफल आखूड, हलकी, जाळीतून चालताना अडकत नाही, खांद्याला पटकन लागते. शंभर मीटरच्या आत तिला खरंच काही कमी नाही.

पण तुमच्या दरीपलीकडच्या कामाला ती नाही. १०० मीटरवर झिरो केली, म्हणजे तिथे गोळी नेमक्या नेमावर लागेल असा स्कोप लावला, तर २०० वर गोळी पाव मीटरच्या आसपास खाली जाते. नळीखालच्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक बसतात, मागच्याचं टोक पुढच्याच्या बुडाला टेकतं, त्यामुळे गोळीचं नाक सपाट ठेवावं लागतं, आणि सपाट नाकाला हवा लवकर अडवते. रबरी टोकाच्या टोकदार गोळ्या आता मिळतात, त्यांनी पल्ला थोडा वाढतो. पण तीनशेची गोष्ट तिथे करू नये.

उंच धार

ताई, तीनशे मीटर आणि दरी म्हणताय तर .३०० विंचेस्टर मॅग्नम विचारात घ्याच. १९६३ पासून डोंगरात सिद्ध झालेलं काडतूस आहे. १८० ग्रेनची गोळी ९०० मीटर प्रति सेकंद, मझलपाशी साधारण ४७०० ज्यूल. उद्या एल्क मारायला गेलात तर रायफल बदलावी लागणार नाही. लांबवर गोळीत जोर शिल्लक हवा, नाहीतर जनावर जायबंदी होऊन दरीत उतरतं आणि हाती लागत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून सांगतो.

आकडेमोड

उंच धार यांच्या मुद्द्याला आकडे जोडतो. दोन्ही रायफली २०० मीटरवर झिरो धरल्या आहेत. आकडे अंदाजे आहेत, गोळीगणिक थोडे इकडेतिकडे होतील.

.३०८, १५० ग्रेन, मझलपाशी ८६० मीटर प्रति सेकंद: ३०० मीटरवर सुमारे २५ सेंटिमीटर खाली, ४०० वर सुमारे पाऊण मीटर खाली.

.३०० मॅग्नम, १८० ग्रेन, ९००: ३०० मीटरवर वीस-बावीस सेंटिमीटर खाली, ४०० वर साठ-पासष्ट सेंटिमीटर खाली.

म्हणजे तीनशे मीटरवर दोघांत चार-पाच सेंटिमीटरचा फरक. हरणाचं मर्मस्थान, फुप्फुसं आणि हृदय मिळून, साधारण वीस सेंटिमीटर व्यासाचं धरतात. चार सेंटिमीटर त्यात सहज सामावतात.

आता धक्का बघा. साडेतीन किलोच्या आसपासच्या रायफलीत .३०८ साधारण वीस ज्यूलने मागे येते. .३०० मॅग्नम थोड्या जड रायफलीतही पस्तीसच्या घरात. .२४३ बारा-तेरावर, ६.५ क्रीडमूर आणि ७ एमएम-०८ सतराच्या आसपास, आणि .३७५ एच अँड एच पन्नासपर्यंत. चार सेंटिमीटरसाठी जवळजवळ पावणेदोनपट धक्का, असा हा सौदा आहे.

उंच धार

आकडे मान्य. पण मॅग्नमचा फायदा फक्त गोळी किती खाली पडते यात नाही, तिथे पोचल्यावर हाती काय उरतं यात आहे. जड जनावर तिरकं उभं असेल तर खांद्याच्या हाडातून आत जाणारी जड गोळी हवी. माझ्या एल्कसाठी मी तीच रायफल ठेवणार.

जुना नेम

उंच धार, तुमच्या एल्कसाठी ती रायफल योग्यच आहे. चारशे किलोचं जनावर, मोठं अंतर आणि धक्का झेलणारा खांदा, तिन्ही तुमच्याकडे आहेत. ताईंकडे यातलं एकही नाही.

ताई, कशापासून सुरुवात करावी असं विचारलंत म्हणून सांगतो. अंतरापासून करा, पण मनातल्या अंतरापासून नको. लेझर रेंजफाइंडर घ्या आणि रायफल न घेता त्या दोन्ही जागी जा. रानात जिथे बसणार तिथून प्रत्येक फटीचं, पायवाटेच्या वळणाचं, ओढ्याकाठच्या मोकळ्या तुकड्याचं अंतर मोजा. धारेवरून समोरच्या उताराचं मोजा. जनावरं कुठून येतात, कुठे थबकतात, ते बघा. बऱ्याच लोकांची "तीनशे मीटरची दरी" मोजल्यावर एकशे ऐंशी निघते. काहींची साडेतीनशे निघते. तो आकडा हातात येईपर्यंत काडतुसावर वाद घालून काही मिळत नाही.

मग दुसरं मोजा, स्वतःला. वीस सेंटिमीटरचा कागदी गोल लावा आणि शिकारीत जसं बसाल तसं बसून मारा: गुडघ्यावर, झाडाला टेकून, काठीच्या दुबेळक्यावर, पाठपिशवीवर नळी ठेवून. बाकावर वाळूच्या पिशव्या लावून मारलेले धरू नका. ज्या अंतरापर्यंत सगळ्या गोळ्या त्या गोलात बसतात ती तुमची हद्द. काडतुसाची हद्द त्याच्या पुष्कळ पुढे असते, त्यामुळे ती वाढवून तुमची वाढत नाही.

रान आणि धार यांत काडतुसाकडून नेमकं काय वेगळं हवं असतं, ते रात्री सविस्तर लिहितो.

नवशिका

वाचतोय. जाड गोळी फांद्या तोडून जाते, याबद्दलही लिहा. आमच्याकडे सगळे तसंच मानतात.

पाचोळा

नवशिका, तेवढं मी सांगतो, कारण मीही रानातच असतो. कोणतीच गोळी भरवशाने फांदी तोडून सरळ जात नाही. .४५-७० ची २६ ग्रॅमची गोळीही वळते. लोकांनी लाकडी दांड्यांच्या रांगांमधून, झुडपांमधून मारून पाहिलंय. जड आणि बोथट गोळी सरासरीने थोडी कमी वळते, पण तेवढ्या भरवशावर चाप ओढावा इतकी कमी नाही. शिवाय फांदीला लागली की गोळी तिथेच उघडायला लागते किंवा आडवी होते.

खरा फरक फांदी कुठे आहे याने पडतो. जनावराच्या अंगाला लागून असलेलं गवत फारसं बिघडवत नाही, कारण वळलेल्या गोळीला भरकटायला जागाच उरत नाही. तीच काडी तुमच्यापासून पाच मीटरवर असेल तर पुढच्या साठ मीटरमध्ये गोळी फुटभर बाजूला जाऊ शकते. स्कोपमधून जवळची काडी धूसर होऊन नाहीशी होते, दिसतच नाही. म्हणून चाप ओढण्याआधी स्कोपवरून डोळा उचलून नळीच्या रेषेत एकदा नुसत्या डोळ्यांनी बघायचं.

जुना नेम

पाचोळा यांनी माझं निम्मं काम केलं.

मग दाट रानात लोक जाड काडतुसं का वापरतात? ओटो बॉक याने १९०५ साली बनवलेलं ९.३×६२ युरोपात हाक्याच्या डुकरांसाठी आजही का टिकून आहे? त्याचं कारण रक्ताच्या मागात आहे. उघड्या उतारावर फुप्फुसात गोळी लागलेलं हरीण ऐंशी मीटर धावलं तरी पडताना दिसतं. दाट रानात ते वीस मीटरवर नजरेआड होतं. मग पाचोळ्यात, नेच्यांत, संधिप्रकाशात थेंब शोधत जायचं. अशा वेळी गोळी आरपार गेलेली असावी लागते. आत शिरल्याचं भोक वर असतं, चरबीने आणि केसांनी बुजतं. पलीकडे खालच्या बाजूला मोठं भोक असेल तर माग जमिनीवर मिळतो. जाड, जड आणि मध्यम वेगाची गोळी हे काम भरवशाने करते. पण आजच्या मजबूत बांधणीच्या मध्यम गोळ्याही करतात, आणि तिथेच ताईंचा प्रश्न सुटतो.

गोळीचा वेग एका मर्यादेत असला तरच ती नीट काम करते. बऱ्याच साध्या शिकारी गोळ्यांना उघडायला, म्हणजे छत्रीसारखं फुलायला, लागताना साडेपाचशे मीटर प्रति सेकंदाच्या आसपास वेग लागतो. त्याखाली ती पेन्सिलीसारखं भोक पाडून निघून जाते. उलट, पातळ आवरणाची गोळी तीस मीटरवर पूर्ण वेगात डुकराच्या खांद्याला लागली तर वरच्यावर फुटते. नराच्या खांद्यावरचं चामड्याखालचं कवच तुम्ही सोलताना पाहिलं असेल. सुरी तिथे कुरकुरते. फुटलेली गोळी त्यात अडकली की जखम मोठी दिसते, पण आतली फुप्फुसं शाबूत राहतात आणि डुक्कर जाळीत जातं. त्याच्यामागे जाळीत शिरायचं म्हणजे काय, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे.

तुमच्या रानात गोळी जवळजवळ मझलच्या वेगाने लागणार, धारेवर तीनशे मीटरवर बराच वेग गमावून लागणार. एकाच गोळीने दोन्हीकडे नीट वागायला हवं. .३०८ ची साधी १५० ग्रेनची गोळी साधारण साडेतीनशे मीटरवर त्या साडेपाचशेच्या रेषेवर येते. ६.५ क्रीडमूरची लांबट १४३ ग्रेनची गोळी मझलपाशी .३०८ पेक्षा हळू, ८२० च्या आसपास, असूनही हवेत वेग कमी गमावते, म्हणून ती रेषा पाचशेच्याही पुढे ओलांडते. म्हणजे तुमच्या तीनशे मीटरला दोन्ही पुरतात. मॅग्नम तुम्हाला लागतच नाही.

आणखी एक. डुकराचं हृदय आणि फुप्फुसं हरणापेक्षा खाली आणि पुढे असतात. हरणासारखा खांद्यामागे मध्यावर नेम धरला तर गोळी मागे पडते. काडतूस कोणतंही घ्या, हे तेवढं पक्कं करा.

तांबट

जुना नेम यांनी बांधणीचं काढलं म्हणून लिहितो. जॉन नोस्लर या अमेरिकन शिकाऱ्याची १९४६ ची गोष्ट शिकारी जगात सर्वांना ठाऊक आहे. .३०० एच अँड एच मॅग्नमने त्यांनी मूसवर गोळ्या मारल्या. चिखलाने लडबडलेल्या खांद्यावर त्या आत जाण्याऐवजी फुटत गेल्या. त्यातून त्यांनी मध्ये पडदा असलेली पार्टिशन गोळी केली: पुढचा भाग फुलतो, मागचा तसाच राहून आत जात राहतो. काडतुसात जोर भरपूर होता, कमी पडली ती गोळी.

आता तांब्याच्या गोळ्या. मी त्याच वापरतो. काही ठिकाणी शिसं बंदच आहे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून सगळ्या शिकारीला शिसेविरहित दारूगोळाच लागतो. तांब्याचे तुकडे मांसात पसरत नाहीत, वजन जवळजवळ पूर्ण राहतं आणि आरपार जाण्याची खात्री जास्त. पण तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते आणि तिला स्थिर फिरवायला नळीचा ट्विस्ट (आतल्या खाचांचा पीळ) वेगवान लागतो. म्हणून एक पायरी हलकी घ्यायची: .३०८ मध्ये १५० ऐवजी १३०. वेगही मिळतो, आणि तांब्याला फुलायला वेग हवाच असतो. कमी वेगात ती हट्टी असते. तीनशेच्या पुढे तांबं वापरताना कंपनीने दिलेला किमान वेग बघूनच अंतर ठरवा.

शिशावरून तांब्यावर आलात तर नळी स्वच्छ करून पुन्हा झिरो करा. छापा वेगळ्या जागी पडतो.

कडेकपारी

किती उपयोगाचं लिहिलंत सगळ्यांनी. रक्ताच्या मागाचा मुद्दा मला कुणीच सांगितला नव्हता.

रेंजफाइंडर घेऊन दोन्ही जागी जाऊन आले. रानात सगळं पंचवीस ते नव्वद मीटरमध्ये. धारेवर मात्र गंमत आहे. सरळ मोजलं तर २१० ते २९०, पण उतार फार तीव्र. यंत्र दोन आकडे दाखवतं, दुसरा लहान. कोणता धरायचा?

खिंडीतला वारा

लहान आकडा धरा. गुरुत्वाकर्षण गोळीला ओढतं ते आडव्या अंतरापुरतं. तुमचं यंत्र कोन मोजून तेच सांगतंय. ३०० मीटर तिरकं आणि कोन ३० अंशांचा असेल तर नेमासाठी अंतर साधारण २६०. चढावर मारा की उतारावर, दोन्हीकडे गोळी अपेक्षेपेक्षा वर लागते. .३०८ ला तीनशेचा हिशोब करून अशा कोनात मारलंत तर दहा-तेरा सेंटिमीटर वर जाईल, म्हणजे खांद्याच्या वर, पाठीच्या कडेला.

वाऱ्यासाठी मात्र तो लहान आकडा वापरू नका. वारा गोळीला तिच्या पूर्ण वाटेभर ढकलतो, म्हणून तिथे खरं अंतर.

आणि दरीत खरं गणित वाऱ्याचंच असतं. अंतर यंत्र सांगतं, वारा कोणी सांगत नाही. तुमच्या गालाला लागतो तो एक, दरीच्या पोटातला दुसरा, समोरच्या उतारावरचा तिसरा. सकाळी थंड हवा दरीत खाली सरकते, ऊन चढलं की उताराने वर येऊ लागते. मध्ये तासभर असा असतो की गवत एका जागी डावीकडे झुकतं आणि पन्नास पावलांवर उजवीकडे. समोरच्या उतारावरचं गवत दुर्बिणीतून बघा, मग फोकस थोडा अलीकडे आणून दरीवरच्या हवेची लहर बघा. मग ठरवा.

यात काडतुसाने फरक पडतो, आणि क्रीडमूरवाल्यांचं म्हणणं इथे खरं आहे. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा .३०८ च्या साध्या १५० ग्रेन गोळीला ३०० मीटरवर साधारण २४ सेंटिमीटर ढकलतो. ६.५ च्या लांबट १४३ ग्रेन गोळीला १६ च्या आसपास. वाऱ्याच्या अंदाजात अर्धी चूक झाली तर एक बारा सेंटिमीटर चुकते, दुसरी आठ. वीस सेंटिमीटरच्या गोलात मधून निघालेली आठवाली आत राहते, बारावाली बाहेर पडते.

पण हे रानात शून्य. साठ मीटरवर वारा कुणाला विचारत नाही.

आणि समोरच्या उतारावर जनावर पाडलंत तर तिथे पोचायला किती वेळ लागेल, हे आधी पायी जाऊन बघा. तीनशे मीटरची दरी उतरून चढायला तास लागू शकतो, आणि पलीकडून जागा ओळखू येत नाही. मारण्याआधी तिथला एखादा खडक किंवा वाळकं झाड मनात पक्कं करा, शक्यतो फोटो काढून ठेवा.

नवशिका

मग .२४३ का नको? धक्का सर्वांत कमी, वेग ९००. ताईंना सोपं जाईल.

जुना नेम

हरणापुरतं असतं तर मीही .२४३ म्हटलं असतं. १९५५ पासून त्याने असंख्य हरणं पाडली आहेत. पण १०० ग्रेनच्या, म्हणजे साडेसहा ग्रॅमच्या गोळीत मोठ्या नर डुकरासाठी फारसं हातचं काही राहत नाही, विशेषतः जनावर तिरकं असेल तर. बेल नावाच्या शिकाऱ्याने ७×५७ वर हत्ती मारले, हेही कुणीतरी आता सांगेल. त्याच्या गोळ्या न फुलणाऱ्या, घन होत्या आणि हत्तीच्या कवटीची रचना त्याने कापून अभ्यासली होती. तो दाखला आपल्या कामाचा नाही.

कायदाही बघा, तो जागोजागी वेगळा आहे. जर्मनीत रो या छोट्या हरणासाठी १०० मीटरवर किमान १००० ज्यूल लागतात, त्याहून मोठ्या खुरांच्या जनावरांसाठी किमान ६.५ मिलिमीटर कॅलिबर आणि १०० मीटरवर २००० ज्यूल. म्हणजे .२४३ तिथे डुकराला चालतच नाही. इंग्लंडमध्ये बहुतेक हरणांसाठी किमान .२४० इंच कॅलिबर आणि मझलपाशी १७०० फूट-पाउंड. एक नियम शंभर मीटरवर मोजतो, दुसरा मझलपाशी, त्यामुळे डब्यावरचा कोणता आकडा बघायचा तेही बदलतं. अमेरिकेच्या काही राज्यांत तर काही भागांत सरळ पुंगळीचीच (तोंडाशी न आवळलेल्या धातूच्या कवचाची) काडतुसं चालतात. तुमच्या जागेचा नियम आधी वाचा, मग यादी करा.

ताई, तुमच्या यादीत माझ्या मते चारच नावं उरतात: .३०८, ७ एमएम-०८, ६.५ क्रीडमूर आणि १८९० च्या दशकातलं ६.५×५५. चारही तुमच्या दोन्ही जागांना पुरून उरतात. ७ एमएम-०८ म्हणजे .३०८ चीच पुंगळी, तोंड थोडं आवळून ७ मिलिमीटरच्या गोळीसाठी केलेली. १४० ग्रेनची गोळी ८७० च्या आसपास, धक्का .३०८ पेक्षा कमी. मला स्वतःला ते तुमच्यासाठी फार आवडतं. पण दुकानात .३०८ आणि ६.५ क्रीडमूरच्या जितक्या तऱ्हेच्या गोळ्या दिसतात तितक्या त्याच्या दिसत नाहीत, आणि तुम्हाला दोन-तीन बांधणी मारून बघायच्या आहेत.

क्रीडमूर घेतलंत तर एक जपा. त्याच्यासाठी लांब पल्ल्याच्या, पातळ आवरणाच्या गोळ्या खूप मिळतात. कागदावर त्या अप्रतिम बसतात. तीस मीटरवरच्या डुकराला त्या नकोत. आवरण आणि गाभा सांधलेली बाँडेड गोळी किंवा तांबट म्हणतात तसं तांबं घ्या. त्यात वाऱ्यातला थोडा फायदा जाईल, तो जाऊ द्या.

उंच धार

ताईंच्या मापाला हे पटतंय. फक्त रायफल फार हलकी घेऊ नका. धक्का काडतुसाइतकाच रायफलीच्या वजनावर असतो. अडीच किलोची डोंगरी रायफल खांद्यावर वाहायला सुख देते, पण त्यात .३०८ सुद्धा मॅग्नमसारखी लाथ मारते. स्कोपसकट साडेतीन-पावणेचार किलो तुमच्यासाठी बरं. दस्ता लांब पडत असेल तर कापून घ्या. माप चुकलं की धक्का दुप्पट वाटतो.

आकडेमोड

नळीबद्दल. रानात वळताना आखूड बरी, पण मॅग्नमची नळी आखूड केली तर वेग जास्त जातो, कारण दारू जास्त असते आणि जळायला लांबी लागते. या चार काडतुसांना ५१ सेंटिमीटरची नळी चालते. दर अडीच सेंटिमीटरला साधारण सहा-आठ मीटर प्रति सेकंद जातात, ते तुमच्या अंतराला जाणवणार नाहीत.

झिरो २०० मीटरवर ठेवा. .३०८ असेल तर १०० च्या आसपास पाच सेंटिमीटर वर आणि २३०-२४० पर्यंत आठच्या आत खाली. म्हणजे तिथपर्यंत नेम जिथे धरायचा तिथेच, काही मोजायचं नाही. नळीपेक्षा स्कोप चारेक सेंटिमीटर वर असतो, त्यामुळे गोळी खालून येऊन तीसेक मीटरवर पहिल्यांदा नेमाची रेषा ओलांडते. रानातल्या तुमच्या अंतरांना छापा मध्यापासून पाच सेंटिमीटरच्या आतच राहतो. स्कोप कमीत कमी दीड-दोनपटीपर्यंत उतरणारा घ्या, नाहीतर वीस मीटरवर नुसते केस दिसतात आणि जनावराचा कोणता भाग तो कळत नाही.

कडेकपारी

क्लबमधल्या दोघांनी आपापली रायफल मारायला दिली. एक ७ एमएम-०८, एक ६.५ क्रीडमूर, वजन जवळपास सारखं. दोन्हींवर शेवटच्या गोळ्यासुद्धा पहिल्यांसारख्याच बसत होत्या. .३०८ वर तसं होत नव्हतं. काठीच्या दुबेळक्यावर बसून दोनशेवर सगळ्या गोलात. अडीचशेवर एखाददुसरी कडेला बाहेर. तेव्हा पहिल्या हंगामात धारेवर दोनशेच्या पुढे मारणार नाही, जनावर जवळ येईपर्यंत थांबेन किंवा मी जवळ जाईन. धारेच्या पोटातून एक ओहोळ वर जातो, त्याच्या आडोशाने समोरच्या उताराच्या एकशे ऐंशीपर्यंत पोचता येतं, हे मोजताना लक्षात आलं.

घेतेय ६.५ क्रीडमूर, ५१ सेंटिमीटर नळी, १:८ ट्विस्ट, म्हणजे आठ इंचांत एक वळसा. नियम तपासला, माझ्या दोन्ही सावजांना चालतं. आधी बाँडेड १४० ग्रेन, मग तांब्याची १२० मारून बघेन आणि जी चांगली बसेल ती एकच ठेवेन. शेजारच्या खणात दुसऱ्याच कॅलिबरची काडतुसं ठेवलेली असतात, तेव्हा प्रत्येक काडतुसाच्या बुडावरचं नाव वाचूनच भरायचं, ही सवय आत्तापासून लावतेय.

रायफल आली की २५, ५०, १००, २०० आणि २५० चे कागद इथे टाकते.

खिंडीतला वारा

टाका. प्रत्येक कागदावर त्या वेळचा वारा लिहून ठेवा, दिशेसकट.